पहिला डाग कोणी पाहिला?

बी. ए. द्वितीय वर्ष, डोंगरकडा

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली आणि कट्ट्यावर विषयांची चर्चा सुरू झाली. कुणी ‘आजचा तरुण कोठे चालला आहे?’ हा विषय घेतला, कुणी ‘मला भेटलेला देवमाणूस’. मी म्हणालो, ‘मी पिकावरच्या करप्यावर लिहिणार आहे.’ त्यावर मोठा हशा झाला. एक मित्र म्हणाला, ‘अरे, तू बी. ए.ला आहेस की कृषी महाविद्यालयात? करपा हा काय कलाशाखेचा विषय झाला?’

मित्राचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. सूक्ष्मदर्शकातून बुरशी पाहण्याची संधी मला कधी मिळालेली नाही आणि औषधांची शिफारस करण्याचा माझा अधिकारही नाही. परंतु करप्याने आमच्या घरात जे घडविले, त्याचा विचार करू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आले की, पिकाचे अर्धे नुकसान रोग करतो आणि उरलेले अर्धे माणसांच्या एकमेकांशी वागण्याने होते. माणसांचे वागणे हा तर कलाशाखेचाच विषय आहे. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी. नांदेड-हिंगोली रस्त्याने गेलेल्यांनी आमच्या भागातल्या केळीच्या बागा आणि हळदीची राने पाहिली असतील. आमची जमीन दीड एकर. त्यातल्या एका एकरात केळी. वडील चौथीपर्यंत शिकलेले. माय शाळेत गेलीच नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच.

गेल्या वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली होती. माय बागेतली पिलं कापून घरी आली आणि हातपाय धुता धुता म्हणाली, ‘खालच्या पानाला बारीक पिवळ्या रेघा पडल्यात. परवा पल्याडच्या बागेत मजुरीला गेले व्हते, तिथंबी अशाच दिसल्या. ही लक्षणं काय बरी न्हाईत.’ वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीतून मान वर न काढताच उत्तर दिले, ‘नत्र कमी पडलं असेल. पाऊस फार झाला की नत्र वाहून जातं. युरिया टाका.’

दहावीच्या विज्ञानाच्या आधारावर केलेले ते विधान होते. पण ‘नत्र’ हा शब्द आमच्या घरात वजनदार ठरला. मायच्या ‘रेघा’ त्यापुढे हलक्या पडल्या. दुसऱ्या दिवशी युरियाची गोणी आली.

पंधरवड्यात रेघांचे डाग झाले. डागाच्या मध्यभागी राखाडी रंग आणि भोवती पिवळे वलय. मग डागाला डाग मिळत गेला आणि महालक्ष्म्या बसेपर्यंत खालची पाने विस्तवावर धरल्यासारखी वाळून लोंबू लागली. बाग नुकतीच निसवली होती. घड पोसायला हिरवे पानच उरले नाही. फण्या बारीक राहिल्या, काही घड भरण्याआधी झाडावरच पिकू लागले. व्यापाऱ्याने बागेत एक फेरी मारली, दोन घड उचलून पाहिले आणि ठरलेला भाव निम्म्यावर आणला. धाकट्या बहिणीचे नांदेडला अकरावीत नाव घालायचे ठरले होते, ते पुढच्या जूनमध्ये राहून गेले. ती काही बोलली नाही. मायही मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

केळीवरच्या या रोगाला सिगाटोका म्हणतात. फिजी बेटांतील ज्या खोऱ्यात १९१२ च्या सुमारास त्याने मोठे नुकसान केले, त्या खोऱ्याचे हे नाव आहे. आपले शेतकरी त्याला करपाच म्हणतात. पाने जाळणाऱ्या बहुतेक रोगांना आपल्याकडे हे एकच नाव आहे, मग तो केळीवरचा असो, हळदीवरचा असो की बटाट्यावरचा. यातल्या बटाट्याच्या करप्याने मला विचार करायला लावले. तो मला शेतात नव्हे, इतिहासाच्या तासाला भेटला.

एकोणिसाव्या शतकातील युरोप शिकविताना सरांनी आयर्लंडच्या दुष्काळाचा उल्लेख दोन वाक्यांत केला. मी तास संपल्यावर ग्रंथालयात गेलो. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याची पाने काळी पडू लागल्याची बातमी आली. ऑगस्टमध्ये रोग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आला. १३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या एका बागकामविषयक साप्ताहिकाने तो आयर्लंडमध्ये पोचल्याचे जाहीर केले. त्या वर्षी आयर्लंडचे निदान एक तृतीयांश पीक गेले. पुढच्या वर्षी, १८४६ मध्ये, जवळजवळ सगळेच गेले. बटाट्यावर जगणारी गरीब कुळे उघड्यावर पडली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य मात्र परदेशी जातच होते. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १८४५ च्या शरद ऋतूत सरकारने विद्वानांची समिती नेमली. लिंडली हे वनस्पतिशास्त्रज्ञ, प्लेफेअर आणि केन हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या मते दोष ओलाव्याचा होता. म्हणून बटाटे कोरडे ठेवा, हवा खेळेल असे खड्डे करून त्यांत साठवा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या सल्ल्याने बटाटे वाचले नाहीत. त्याच सुमारास बर्कली नावाचा एक धर्मगुरू, ज्याला बुरशी न्याहाळण्याचा छंद होता, सांगत होता की पानांवर दिसणारी पांढरी बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तेच रोगाचे कारण आहे. १८४६ मध्ये त्याने ते छापूनही आणले. बहुतेकांनी मानले नाही. जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगाने ते सिद्ध केले, तोवर दुष्काळ इतिहासजमा झाला होता.

ते प्रकरण वाचताना मला आमची युरियाची गोणी आठवली. अधिकाराने बोलणारा चुकला आणि ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचे कुणी ऐकले नाही. आयर्लंडच्या महाभयंकर संकटाशी आमच्या एका एकराची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु चुकीची जात तीच होती.

बटाट्याचा हा करपा कसा पसरतो ते समजून घेतले, की लवकर पाहण्याला एवढे महत्त्व का, हे कळते. पानाच्या टोकाला किंवा कडेला ओलसर, काळपट हिरवा डाग दिसतो. दमट हवेत सकाळी पान उलटून पाहिले तर डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. त्या लवेतून असंख्य बीजाणू वाऱ्यावर आणि पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या झाडांवर जातात. पान ओले असेल आणि हवा थंड असेल तर चार-पाच दिवसांत नव्या डागांतून पुन्हा नवे बीजाणू. म्हणजे एकाचे शंभर आणि शंभराचे दहा हजार, असा हा व्याजाचा हिशेब आहे. सावकाराचे व्याज आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या आठवड्यात जे देणे चार पाने तोडून फिटते, ते तिसऱ्या आठवड्यात घरदार विकूनही फिटत नाही.

म्हणून बटाटा पिकविणाऱ्या देशांनी एक युक्ती शोधली. रोग दिसण्यापूर्वीच त्याला अनुकूल असलेले दिवस ओळखायचे. हॉलंडमध्ये १९२६ साली हवामानावरून करप्याचा इशारा देण्याचे नियम मांडले गेले. इंग्लंडमध्ये १९४७ साली बोमाँट यांनी आणि १९५६ साली स्मिथ यांनी ते अधिक सुटसुटीत केले. स्कॉटलंडच्या जेम्स हटन संस्थेच्या संशोधनातून आलेला, २०१७ पासून तेथे वापरात असलेला नियम तर कुणालाही समजेल असा आहे. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान दहा अंशांच्या खाली गेले नाही आणि त्या प्रत्येक दिवशी निदान सहा तास हवेतील आर्द्रता नव्वद टक्के किंवा अधिक राहिली, की समजावे, धोका आला. आपल्या देशातही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने हवामानावरून करप्याचा अंदाज सांगणाऱ्या ‘झुलसाकास्ट’ आणि नंतर ‘इंडो-ब्लाइटकास्ट’ या पद्धती तयार केल्या. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर बटाटा खरिपात घेतात, म्हणजे नेमका पावसाळी, ढगाळ हवेत. तेथील शेतकऱ्याला अशा इशाऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, रोगाला दाद न देणारे वाणच लावावे, म्हणजे पाळत ठेवण्याची कटकट नको. याच संस्थेचा ‘कुफरी ज्योती’ हा वाण १९६८ साली आला, तेव्हा तो करप्याला दाद देत नव्हता. पुढे रोगाचे रूप बदलले आणि ती ताकद ओसरली. २००९-१० मध्ये दक्षिण भारतात बटाटा आणि टोमॅटोवर करप्याची जी मोठी साथ आली, तिच्यामागे रोगाचा परदेशात आधीच माजलेला एक नवा प्रकार निघाला. शत्रू वेष बदलून येतो. म्हणून पहारा उठवता येत नाही.

परंतु हवामानाचा इशारा म्हणजे निम्मा पहारा. हवा अनुकूल आहे हे यंत्र सांगते. रोग रानात आला की नाही, हे शेवटी पानाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा डोळा सांगतो. ब्रिटनमध्येसुद्धा यंत्रांच्या जोडीला शेतात हिंडणारी माणसे ठेवलेली असतात. ती संशयित पाने प्रयोगशाळेत पाठवितात आणि पहिला डाग कोणत्या भागात सापडला हे सर्वांना कळविले जाते. यंत्र आणि डोळा, दोघांची साक्ष जुळली की इशारा पक्का.

आपल्याकडे असे काही नाही, असे मात्र नाही. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणारी अळी पडली आणि रानेच्या राने चाळणीसारखी झाली. मी तेव्हा जेमतेम चालायला शिकलो असेन. पण घरात त्या सालाची आठवण अजून निघते. त्या धड्यातून २००९ मध्ये महाराष्ट्रात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. गावोगावी ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे वर पाठवायचे, कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांनी ते पाहायचे आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तर शेतकऱ्यांना मोबाईलवर सल्ला द्यायचा, अशी ही रचना. आमच्या भागासाठी परभणीचे विद्यापीठ आहे. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. सुरुवातीला सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा अशा पिकांसाठी ती उभी राहिली.

माझे म्हणणे त्या रचनेच्या विरुद्ध नाही. माझे म्हणणे तिच्या टोकाशी जी जागा रिकामी राहते, तिच्याविषयी आहे. सर्वेक्षण करणारा माणूस ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतात येतो. पण रोज सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत पानांच्या उंचीवर कोण असते? निंदणाऱ्या, पिलं कापणाऱ्या, वाळलेली पाने काढणाऱ्या बाया असतात. त्या एकाच शेतात नसतात. आज या बागेत, उद्या त्या बागेत. माझ्या मायने त्या आठवड्यात चार बागा पाहिल्या होत्या. गावातील कुठल्याही शेतमालकाने तेवढ्या पाहिल्या नसतील. पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. सल्ल्याचा संदेश ज्याचे नाव नोंदलेले असते त्याच्या मोबाईलवर वाजतो. तिच्याकडून मात्र कुणी काही विचारून घेत नाही. जी आधी पाहते तिला विचारायचे नाही आणि जो नंतर पाहतो त्याला सांगायचे, अशी ही उलटी गंगा आहे.

दुसरी अडचण आपल्या मनातली आहे. बागेत रोग आला हे माणूस लपवितो. व्यापाऱ्याला कळले तर भाव पडेल, शेजारी म्हणेल, ‘तुझ्या बागेतून माझ्यात आला.’ आजारी मुलीच्या बापाने आजार लपवावा, तसे हे लपविणे असते. आणि रोग काही कुणाची अब्रू पाहून बांधावर थांबत नाही. पल्याडच्या बागेतल्या रेघा मायला दिसल्या होत्या, त्या मालकालाही दिसल्याच असतील. तो बोलला असता तर आम्ही सावध झालो असतो. आम्हीही आमच्या अल्याडच्या शेजाऱ्याला काही सांगितले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

यावर आक्षेप असा येईल की, अडाणी बायांच्या सांगण्यावर गाव पळू लागले तर घबराट होईल आणि जो तो औषधे फवारीत सुटेल. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु आज काय होते ते पाहा. रोग उशिरा लक्षात येतो, मग घाबरलेला शेतकरी दुकानात जातो आणि एकाऐवजी तीन बाटल्या घेऊन येतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. डाग चार पानांवर असताना कळला तर कोयता पुरतो. बाग पेटल्यावर पंप उचलावा लागतो. पंप पाठीवर घेणारा बहुधा मजूरच असतो. म्हणून लवकर पाहणे हे पिकाइतकेच माणसाच्या जिवाच्याही हिताचे आहे. घबराट बातमीने होत नाही, अर्धवट बातमीने होते. त्यावर उपाय बातमी दाबणे नसून ती नीट मोजून सांगणे हा आहे.

आणि मोजणे अवघड नाही. केळीच्या करप्यासाठी जगभर वापरतात ती एक साधी रीत मला वाचायला मिळाली. शेंड्याजवळचे पूर्ण उघडलेले सर्वांत नवे पान पहिले धरायचे. तेथून खाली मोजत यायचे. ज्या पानावर दहा किंवा त्याहून अधिक डाग दिसतील, त्या पानाचा क्रमांक लक्षात ठेवायचा. क्रमांक मोठा, म्हणजे रोग अजून खाली आहे. आठवड्यागणिक तो क्रमांक लहान होत चालला, म्हणजे रोग वर चढतो आहे. यासाठी लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. दहापर्यंत मोजता आले म्हणजे झाले. आणि भाजीवालीशी व्यवहार करणाऱ्या कुठल्याही बाईला दहाच्या पुष्कळ पुढे मोजता येते.

येथे मला आपल्या महाविद्यालयाचे काम दिसते. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मुले-मुली सकाळच्या एस. टी.ने खेड्यांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक गावच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा कामावरून परतणाऱ्या बायांना एवढेच विचारावे, ‘काय दिसलं? कितव्या पानावर?’ उत्तर तारखेसह वहीत लिहावे. बागमालकाचे नाव लिहू नये, फक्त शिवार लिहावे. म्हणजे कुणाची अब्रू जाणार नाही आणि भावही पडणार नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने दोन ओळी लिहाव्यात. शंका वाटली तर पान कागदात गुंडाळून कृषी सहायकांना दाखवावे. निदान त्यांनी करावे, ते आपले काम नाही. आपले काम एवढेच, की ज्याने पाहिले त्याचा शब्द ज्याला कळते त्याच्यापर्यंत पोचवायचा. भाषा, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्यांना हे जमणार नाही, तर कुणाला जमेल?

यात आपल्या शिक्षणाची परीक्षा आहे असे मला वाटते. पहिल्या पिढीतला मुलगा शिकू लागला की घरात त्याच्या शब्दाला एकाएकी मान येतो. त्या मानाची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चुकवावी लागते. आमच्या घरी ती मायने चुकविली आणि मग बहिणीने. शिकलेल्याने बोलायला शिकण्याआधी विचारायला शिकावे, हा धडा मला कुठल्याही परीक्षेत मिळाला नाही; एक एकर केळीने दिला.

या वर्षी पावसाळ्यात मी एक वही केली. दर रविवारी संध्याकाळी माय चुलीपुढे बसली की मी विचारायचो आणि ती सांगायची. पहिल्या रविवारी तिला ते हसण्यासारखे वाटले. ‘आता माझं बोलणं लिवून घेणार व्हय?’ असे म्हणून तिने पदर तोंडाला लावला. तिसऱ्या रविवारी मी विसरलो, तेव्हा तिनेच हाक मारली, ‘अरं, वही आण. पल्याडच्या बागेत नववं पान व्हतं, आज सातवं हाय.’ त्याच रात्री वडील कंदील घेऊन शेजाऱ्याच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बागांतली डागाळलेली पाने कापून शिवाराबाहेर नेली. करपा आलाच नाही असे मी म्हणणार नाही. आला, पण खालच्या पानांवर अडला, आणि घड भरले.

धाकटी बहीण गावाजवळच अकरावी करते आहे. वहीतल्या पुढच्या नोंदी आता तीच लिहिते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.